भावाची उघडी गाडी, नवऱ्याची टर्बो

"वैजू, इंजिन गार हाय तवर त्याला पिळायचं न्हाई. तेल फिरू दे, गरम होऊ दे, मग काय पळवायची ती पळव. आन् पळवून आणली की लगी चावी फिरवायची न्हाई. दम टाकू दे तिला."

आळेफाट्याच्या गॅरेजात दादाभाऊ येईल त्या ड्रायव्हरला हे सांगत. ड्रायव्हर मान डोलवत आणि विसरून जात. लक्षात राहिलं ते टूलबॉक्सवर बसून पाढे म्हणणाऱ्या त्यांच्या लेकीच्या, वैजयंतीच्या. वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली, लेक पन्नाशीला टेकली, तरी कुठे गाडी गुरगुरत सुरू झाली की तो आवाज तिच्या कानात उठायचाच.

आताही उठला. नवरात्राची आठवी माळ होती. अवसरी बुद्रुकच्या घरी देवघरात वैजयंती घटावर झेंडूची माळ सोडत होती, आणि बाहेर अंगणात तिच्या नवऱ्याने, भरतने, रात्रभर गार पडलेली गाडी चालू करून एका दमात पिळली. घूंऽऽ! ताम्हनातली पळी थरथरली.

"आई जगदंबे," वैजयंती पुटपुटली, "मी माझी जीभ सांभाळते. तू यांचा पाय सांभाळ."

जीभ सांभाळणं तिला नवं नव्हतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी तर होत्याच. नवरात्रात पायात चप्पल नाही, आणि बाराही महिने खोटं बोलायचं नाही, असा नेम. आवाज असा मऊ, की दूधवाल्याला दोनदा "काय म्हनला, वैनी?" असं विचारावं लागे. पण गेला दीड महिना त्या मऊ आवाजाच्या आत काहीतरी सारखं उकळत होतं, आणि त्याला कारण होत्या दोन गाड्या.

एक भरतची. त्याचा जेसीबीचा धंदा जोरात चालला, तेव्हा त्याने चार दारांची निळी सेडान घेतली. बाहेरून सभ्य, शाळामास्तरची वाटावी अशी. आत टर्बो. दुसरी गोरखची. गोरख म्हणजे वैजयंतीचा धाकटा भाऊ, ओतूरचा. टोमॅटोने एका हंगामात हात दिला, आणि त्याने पुण्यातल्या कुणा हौशी माणसाकडून जुनी, दोन सीटांची, टप उघडणारी पिवळी गाडी आणली. इतकी बुटकी, की तीत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं.

श्रावणात दोघे ओझरच्या गणपतीच्या दर्शनाहून मंचरला यायला एकदमच निघाले. भरत पोचला, त्याचा चहा झाला, दुसरा चहा झाला, भजी झाली, तेव्हा कुठे गोरखची पिवळी गाडी दिसली. झालं! भरतने हॉटेलात, बाजार समितीत, न्हाव्याच्या खुर्चीत बसून सगळ्यांना सांगितलं, "पावण्याची गाडी म्हंजे टप उडालेली रिक्षा हाय. नुसती वरातीत पुढं लावायची."

हे ओतूरला पोचायला वेळ लागला नाही. गोरखचा फोन आला.

"ताई, दाजींनी चारचौघांत माझी लई शोभा केली. ते सबूद माघारी घेत न्हाईत, तवर मी तुमच्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. भाऊबीजेला तुला न्यायलाबी येणार न्हाई. तुला यायचं तर तुझी तू ये."

तुझी तू ये! वैजयंतीला ते किती लागलं हे त्याला कळलंही नसेल. सासरी आलेल्या लेकीला भाऊबीजेला न्यायला भाऊ येतो, ती पिशवी घेऊन आपली आपण एसटीने जात नाही. जाता येतं, कोण अडवतंय? पण मग ते माहेर राहत नाही, नुसतं ओतूर राहतं. आई-वडील गेल्यावर बारा वर्षं हा पोरगा चुकला नव्हता. एक वर्ष चुकलं की पुढच्या वर्षी त्याला लाज वाटेल, त्याच्या पुढच्या वर्षी सवय होईल. शेजारच्या दोन घरांत तिने हे असंच होताना पाहिलं होतं.

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. "अहो, तुम्ही मोठे. एक शब्द मागे घ्या."

"घेतो की. त्याची गाडी माझ्यापुढं जाऊ दे, घेतो." भरतने भाकरी मोडली. "अगं, टॉर्क नावाची गोष्ट असते. पायाखाली दाबलं की माणूस सीटला चिकटला पायजे. त्याच्या गाडीत काय चिकटतंय? नुसतं वारं."

तिने भावाला सांगून पाहिलं. "गोरख, सोड ना रे."

"ताई, माझ्या इंजिनाला टर्बो न्हाई न् बिर्बो न्हाई. स्वतःच्या दमावर दोनशेच्या वर हॉर्सपॉवर काढतंय. दाजींचं म्हंजे पंप लावून फुगवलेलं हाय. आपली ताकद नव्हं ती."

"मग तू मागे का राहिलास?"

"ते... रस्ता खराब व्हता."

एकच रस्ता होता. दोघांना तोच. वैजयंतीने फोन ठेवला, माळ हातात घेतली आणि एकशे आठ मणी संपले तरी तिचं डोकं शांत होईना. ज्या पुरुषाला घरातल्या मिक्सरचं भांडं कसं बसवायचं ठाऊक नाही, तो जेवताना हॉर्सपॉवर सांगतो. ज्याने बहिणीच्या लग्नाची तारीख कधी लक्षात ठेवली नाही, त्याला काटा कुठल्या आकड्यावर किती ताकद देतो ते पाठ. आणि या दोघांच्या मध्ये ती, रोज, सकाळ-संध्याकाळ.

तोडगा काढला सासूबाईंनी. कुशाबाईंचं वय ऐंशी, पण कान तरण्याचे.

"भरत्या," त्या म्हणाल्या, "गॅरेजवाल्याची लेक घरात आसताना तुमी गावाला काय विचारताय? हिलाच चालवू द्या दोन्ही. हिच्या तोंडून खोटं निघत न्हाई, तवा भांडण न्हाई. ती सांगंल ते खरं."

"आई, मला यात घालू नका," वैजयंती म्हणाली. पण ते इतक्या हळू म्हणाली, की कुणाला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल.

भरत हसत तयार झाला, कारण बायको आपली. गोरख तयार झाला, कारण बहीण आपली. वैजयंतीला मात्र दोन रात्री झोप लागली नाही. खरं सांगायचा नेम. म्हणजे नवरा दुखावणार, नाहीतर भाऊ. आणि भाऊ दुखावला तर दिवाळी गेली.

दर वर्षी आठव्या माळेला गोरख माहेरची ओटी घेऊन यायचा. यंदाही आला. पण फाटकाबाहेरच थांबला. खण-नारळाची पिशवी त्याने कुंपणावरून आत दिली.

"आत ये ना रे."

"आधी निकाल."

"चहा तरी."

"ताई, निकाल."

"पावणं, लई भाव खाऊ नका," भरत अंगणातून ओरडला. "चहाला गाडी लागत न्हाई."

"दाजी, तुमीच प्या. तुमाला दोन-दोन लागत्यात."

वैजयंती सासूबाईंकडे वळली. "आई, दिव्यात तेल बघाल?"

"बघते. तू जा. आन् दोघांचे कान उपट."

"शर्यत नाही," तिने दोघांना बजावलं. "एकेक गाडी मी घाटातून नेऊन आणणार. तिचा मालक शेजारी बसेल आणि तोंड बंद ठेवेल. बोललात तर मी तिथेच उतरून चालत येईन."

पहिली निळी. भरत शेजारी, पट्टा लावून, मुलगी बघायला आल्यासारखा ऐटीत. वैजयंतीने पदर खोचला, अनवाणी पाय क्लचवर ठेवला. थंडगार धातू. वडिलांच्या हाताखाली ती ट्रकसुद्धा चालवायला शिकली होती, पण लग्नानंतर स्कूटीपलीकडे कुणी काही हातात दिलं नव्हतं. गावातून ती सावकाश निघाली. तेल गरम व्हायला वेळ दिला. भरतने "अगं दाब की" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अवसरी घाटाचा चढ लागला तशी तिने गाडी तिसऱ्यातच ठेवली आणि पाय टेकवला. एक श्वासभर काहीच झालं नाही. मग पाठीमागून कुणीतरी मोठ्या हाताने ढकलावं तशी गाडी उठली. गिअर बदलायला नको, आवाज नाही, आटापिटा नाही. काटा जेमतेम दोन हजारांवर आणि सगळा घाट पायाखाली. वैजयंतीला हे आवडलं. खोटं का म्हणा? टर्बो म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं: इंजिनाने टाकलेल्या धुराच्याच जोरावर गरगरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. वळणावर मात्र नाक जड वाटलं. तिला आत वळायचं होतं, गाडीला जरा बाहेरून. ओझ्याची ट्रॉली मागे असल्यासारखी.

घरी येऊन ती चावी फिरवायची थांबली. इंजिन चालूच ठेवून बसली.

"उतर की," भरत म्हणाला.

"तुम्ही पळवून आणल्यावर लगेच बंद करता?"

"मग काय पूजा करायची? फाटकात आलो की खटकन बंद. लोक बघतात, कसं गप झालं म्हणून."

सकाळी गाडी सुरू होताना मागून निघालेला निळसर धूर तिने देवघराच्या खिडकीतून पाहिला होता.

मग पिवळी. तीत बसताना तिचा गुडघा कडाडला. गोरखने टप उघडला. अख्खं गाव बघायला लागलं. अनवाणी, नऊवारी नेसलेली, कपाळावर मळवट भरलेली बाई, आणि पिवळी उघडी गाडी.

"आधी तू घाटापर्यंत ने," ती गोरखला म्हणाली. "मला बघू दे, तू कशी चालवतोस."

गोरखने नेली. आणि पहिल्या दहा मिनिटांत वैजयंतीला दीड महिन्याचं सगळं भांडण कळलं. गाडी वीसवर गेली, गोरखने दुसरा टाकला. तीसला तिसरा. चाळीसला चौथा. पन्नास व्हायच्या आत पाचवा. इंजिन खालच्या आवाजात कण्हत होतं. चढ लागला तरी गोरख गिअर खाली आणेना. ठकठक आवाज यायला लागला.

"गोरख, हे काय करतोयस?"

"काय?"

"इतक्या लवकर वरचा गिअर?"

"ॲव्हरेज!" गोरख अभिमानाने म्हणाला. "पिकअप आपण अशीच चालवतो. ट्रॅक्टरबी. डिझेल वाचतं. ही पेट्रोलची हाय, तरी बघ, चौदाचं ॲव्हरेज काढलंय मी हिच्यातनं. आख्ख्या पुण्यात कुणी काढलं नसंल."

"आणि तो काटा? नऊ हजारांपर्यंत आकडे आहेत."

"त्ये दाखवायला असत्यात. तीन हजाराच्या वर मी नेतच न्हाई. फुटंल की इंजिन."

वैजयंतीने हात कपाळाला लावला. एवढी वणवण, एवढा अपमान, दिवाळी पणाला, आणि हा माणूस ती गाडी टोमॅटोच्या पिकअपसारखी हाकत होता!

"उतर," ती म्हणाली. "बाजूला हो."

तिने गाडी हाती घेतली. इंजिन आता चांगलं तापलं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये चढाला लागली आणि गिअर बदललाच नाही. चार हजार. गोरख म्हणाला, "ताई." पाच हजार. "ताई, बास." सहा हजारांवर इंजिनाचा सूरच पालटला. इतका वेळ गुणगुणणारं कुणीतरी एकदम उभं राहून आरती म्हणायला लागावं तसं. सात. आठ. वळण आलं, आणि तिने मनात आणायचा अवकाश, गाडी वळलेली होती. वारा, वडाच्या पारंब्या, घाटातला ओला वास, सगळं अंगावर. आणि वेग म्हणाल तर काटा सत्तरपलीकडे नव्हता.

गोरखने दोन्ही हातांनी सीट धरली होती. "ही माझी गाडी हाय?" तो म्हणाला.

अंगणात कुशाबाई बाजेवर बसून होत्या. भरत फाटकाला टेकून. गोरख कुंपणाबाहेर.

"बोल गं," कुशाबाई म्हणाल्या.

वैजयंतीने एकदा देवघराकडे पाहिलं. "गाडी गोरखची चांगली."

गोरखने मांडीवर थाप मारली.

"पण तुला ती चालवता येत नाही."

थाप अर्धवटच राहिली.

"आणि अहो, तुमची गाडी वाईट नाही. पाच माणसं घेऊन, कसल्याही चढाला, न थकता जाईल अशी आहे. पण तुम्ही तिचा जीव घेताय. गार असताना पिळता, आणि तापलेला पंखा गरगरत असताना इंजिन बंद करता. तेल जागच्या जागी जळतं. सकाळी निळा धूर येतो, पाहिलात?"

"म्हंजे माझी हरली?" भरत म्हणाला.

"हो."

"याच्याकडनं?"

"याच्याकडून नाही, याच्या गाडीकडून. दोघे आपापल्या गाडीत बसलात तर तुम्हीच पुढे जाल."

"मग मी जिंकलो की हरलो?"

"ताई, म्हंजे मी भंगार ड्रायव्हर?" गोरखचा चेहरा पडला. "दाजींच्या देखत सांगितलंस. एवढं तरी राखायचं व्हतं."

"घरचं खाऊन भावाचं गाणं गाती," भरत म्हणाला, "आन् भाऊबी खूश न्हाई. घ्या!"

"दाजी, तुमी गप बसा. आधी धूर बघा मागनं."

"तू आधी गिअर शिक!"

तेव्हा वैजयंतीचा आवाज चढला. म्हणजे इतर बायकांच्या साध्या बोलण्याइतका झाला. पण तेवढ्यानेही दोघे दचकले.

"पुरे करा! दीड महिना झाला. जेवताना टॉर्क, फोनवर हॉर्सपॉवर. एकाला स्वतःची गाडी कशी बंद करायची ठाऊक नाही, दुसऱ्याला पळवायची कशी ठाऊक नाही, आणि माझं माहेर दोन सायलेन्सरांच्या मध्ये आणून ठेवलंय तुम्ही. खरं सांग म्हणालात, सांगितलं. आता ऐकवत नसेल तर मला विचारलंत कशाला?"

कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की काय, कळलं नाही. गोरख वळला, गाडीत बसला आणि जेवण न करता, उंबरा न ओलांडता निघून गेला. वळणापर्यंत त्याने चौथा टाकलासुद्धा. ठकठक ऐकू येत होती.

वैजयंती आत गेली. दिव्यात तेल भरपूर होतं. तिने तरी थोडं घातलं. खरं बोलण्याच्या नेमाचा तिला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला, आणि तो रागही तिने देवीला सांगून टाकला, लपवला नाही.

दसऱ्याला भरतने गाड्यांना झेंडूचे हार घातले, जेसीबीला मोठा, निळ्या गाडीला त्याहून मोठा. दोन दिवस तो बायकोशी कामापुरतंच बोलत होता. संध्याकाळी सोनं वाटून परत आला आणि अंगणात गाडी लावून आतच बसून राहिला. इंजिन चालू.

"का रं, उतरत न्हाईस?" कुशाबाईंनी विचारलं.

"गाणं ऐकतोय."

गाणं काही ऐकू येत नव्हतं. तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. वैजयंतीने त्याच्यासाठी चहा टाकला, आणि त्याने तो निमूट घेतला. "चांगला झालाय," एवढंच म्हणाला. या घरात त्याचा अर्थ बराच होत होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गोरख. ती परसात गेली.

"ताई, सोनं घे. सोन्यासारखी राहा. काल एकटाच गेलतो. घाटाच्या कडंला."

"मग?"

"पाच हजारापर्यंत नेली. मग पाय आपोआप वर आला. ती जे वाजाय लागती ना सहाच्या पुढं... मला वाटतं फुटली. तू बाजूला बसशील का? एकदाच. माझ्यानं एकट्यानं व्हायचं न्हाई."

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि चीडही. एवढं एक वाक्य बोलायला या पोराने दीड महिना आणि माझी झोप घेतली! पण ती एवढंच म्हणाली, "बसेन."

"खरं?"

"मी खोटं कधी बोलले?"

"दाजींना सांगू नको. नूतनलाबी न्हाई."

"बायकोला तू सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. यांना मी आपणहून सांगणार नाही. पण यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"दाजी कशाला विचारत्यात? त्यांना वाटंल देवाला चालली." तो पहिल्यांदाच हसला. "ताई, ते जमलं ना, तर भाऊबीजेला मीच येतो न्यायला. आतपर्यंत येतो. दाजी काय बोलायचं ते बोलू देत. फकस्त पिशवी कुठं ठेवायची ते बघ, हिला डिकीच न्हाई."

"पिशवी मी मांडीवर घेईन. उद्या सकाळी सातला आमच्या गावच्या फाट्यावर ये. येताना हळू ये. इंजिन गरम करून."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. वैजयंती नेहमीपेक्षा तासभर आधी उठली. पूजा झाली, नाम झालं. भगर शिजवून तिने झाकून ठेवली, शेंगदाण्याची आमटी चुलीच्या कडेला. भरत घोरत होता. कुशाबाई जाग्या होत्या, बाजेवरून एक डोळा उघडून बघत.

"कुठं गं, येवढ्या सकाळी?"

"गोरख येतोय फाट्यावर. त्याला शब्द दिलाय."

"भरत्याला सांगू?"

"विचारलं तर सांगा."

"न्हाई विचारणार तो," कुशाबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. "कडी हळू लाव."

वैजयंतीने पदर खोचला, कडी दोन बोटांनी धरून आवाज न करता लावली, आणि उसाच्या कडेने फाट्याकडे चालू लागली.